इस्ट्रोजेनचा पॅच मेडिकलमधून आणू का?

पत्र थोडं कापून, ओळख पटेल असं सगळं काढून देते.

"मावशी, आम्ही सिडकोत राहतो, एकत्र कुटुंब. माझ्या मोठ्या जाऊबाई, मी त्यांना ताईच म्हणते, वय ४६. दुसऱ्या बाळंतपणानंतर चार महिन्यांनी त्यांना पहिल्यांदा त्रास झाला, त्याला आता १९ वर्षं होतील. स्किझोफ्रेनिया सांगितला. रिस्पेरिडोन ४ मिलिग्रॅम आणि एक थरथरीची गोळी चालू आहे. मधली बरीच वर्षं चांगली गेली, कुरडया-पापड सगळं त्याच बघायच्या. पण गेल्या दीड वर्षापासून पाळी मागेपुढे होते, कधी २२ दिवसांनी तर कधी अडीच महिन्यांनी, आणि पाळी यायच्या आधीचे सात-आठ दिवस ताई वेगळ्याच होतात. आवाज वाढतात, शेजारचे भिंतीतून ऐकतात म्हणून रिकामा मिक्सर चालू ठेवतात, रात्री घामाने ब्लाउज भिजतो, झोप नाही. पाळी आली की दोन-तीन दिवसांत उतरतं. आमच्याकडे अडचण पाळतात म्हणून मला तारखा माहीत असतात, नाहीतर लक्षातही आलं नसतं. मोठे दीर म्हणतात वयाचं आहे. सासूबाईंना त्र्यंबकला नारायण नागबळी करायची आहे, त्यासाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्याही आणून ठेवल्यात. मी मोबाईलवर वाचलं की बाहेरच्या देशात अशा बायकांना इस्ट्रोजेनचा पॅच लावतात आणि फरक पडतो. ओळखीचा मेडिकलवाला मागवून देतो म्हणतोय. आणू का? त्याने ताईंची गोळी कमी करता येईल का? सायकॅट्रिस्टकडे ताईंना नेतच नाहीत, दीर एकटे जातात, 'ठीक आहे' सांगतात आणि गोळ्या लिहून आणतात. – धाकटी जाऊ"

तुला तू म्हणते गं, रागवू नकोस, माझ्या लेकीच्या वयाची असशील.

आधी उत्तर देऊन टाकते म्हणजे तुझा जीव टांगणीला राहायला नको. मेडिकलमधून पॅच आणू नकोस. ताईंची गोळी अर्धी-चतकोरही कमी करू नकोस. पण तू जे पाहिलंयस ते शंभर टक्के पाहण्यासारखं आहे आणि ते घेऊन डॉक्टरकडे जायचंय, मेडिकलवाल्याकडे नाही. मला स्वतःला अडचण पाळणं अजिबात पटत नाही, त्यावर कधीतरी वेगळं भांडू, पण १९ वर्षांत कोणाला जे जोडता आलं नाही ते तू स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जोडलंस, पाळी आणि आवाज, हे काही थोडंथोडकं नाही.

आता हे असं का होतं. बायकांच्या अंगात इस्ट्रोजेन नावाचं जे हार्मोन असतं ते फक्त पाळी आणि बाळंतपणापुरतं नसतं, ते मेंदूतही काम करतं, आणि डोपामिन नावाच्या मेंदूतल्या ज्या रसायनाच्या गडबडीवर ताईंची गोळी काम करते त्याच रस्त्यावर इस्ट्रोजेनही थोडा हात लावत असतं. कसारा घाटात ट्रक बंद पडला की ड्रायव्हरने ब्रेक दाबलेला असतो तरी क्लीनर खाली उडी मारून मागच्या चाकाला दगड लावतोच ना, तसं समज. रिस्पेरिडोन म्हणजे ब्रेक. इस्ट्रोजेन म्हणजे चाकामागचा दगड. पाळीच्या आधी इस्ट्रोजेन उतरतं म्हणजे दगड जरा सरकतो, पाळी कायमची जायच्या वयात तो महिनोन्‌महिने सरकत राहतो आणि शेवटी निघूनच जातो, ब्रेक तेवढाच असतो आणि गाडी मागे यायला लागते. म्हणून ताईंची गोळी चुकली नाही, खाणंपिणं बिघडलं नाही, कोणी करणी केली नाही, तरी त्रास वाढला. आणि म्हणूनच नुसत्या दगडावर घाटात गाडी उभी करायची नसते, म्हणजे गोळी कमी करून त्या जागी पॅच हा हिशोब चुकीचा आहे. पॅचचे जे अभ्यास पुढे सांगतेय त्यांतही तो चालू गोळीच्या सोबतच दिलाय.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली, दुसऱ्या बाळंतपणानंतर चार महिन्यांनी. गरोदरपणात इस्ट्रोजेन खूप वर असतं आणि बाळंतपण झालं की काही दिवसांत धाडकन खाली येतं, त्यानंतरचे महिने काही बायकांना मनाच्या आजारासाठी फार नाजूक असतात. म्हणजे ताईंचा त्रास सुरू झाला तो इस्ट्रोजेन पडल्यानंतरच्या महिन्यांत आणि वाढला तो इस्ट्रोजेन जायला लागल्यावर. डॉक्टरला हे दोन्ही एकाच दमात सांग, ते कान टवकारतील. जर्मनीतल्या मानहाइम गावात हाफनर नावाच्या डॉक्टरांनी खूप वर्षं हेच मोजलं होतं, पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार सरासरी ३-४ वर्षं उशिरा सुरू होतो आणि बायकांत पंचेचाळिशीनंतर पुन्हा एक छोटा चढ दिसतो जो पुरुषांत दिसत नाही. म्हणजे 'वयाचं आहे' हे तुझे दीर म्हणतात ते एका अर्थाने खरंच आहे, फक्त वयाचं आहे म्हणून सोडून द्यायचं की वयाचं आहे म्हणून उपचार बदलायचा हा प्रश्न आहे.

आता तू जे मोबाईलवर वाचलंस ते. यातलं बरंचसं काम ऑस्ट्रेलियात मेलबर्नला मोनॅश युनिव्हर्सिटीच्या जयश्री कुलकर्णी यांनी केलंय (नाव वाचून मला वाटलं पुण्याच्या असतील). त्यांनी २००८ साली १०२ बायकांवरचा अभ्यास छापला, सगळ्यांची नेहमीची गोळी चालूच, अर्ध्यांना वरून १०० मायक्रोग्रॅमचा इस्ट्राडिओलचा पॅच, अर्ध्यांना नुसताच बिनऔषधाचा, २८ दिवस. खऱ्या पॅचवाल्यांचे आवाज-संशय जास्त उतरले. मग २०१५ ला १८३ बायका घेतल्या, ज्यांना गोळ्यांनी पुरेसा फरक पडत नव्हता अशा, आठ आठवडे, आणि त्यात २०० मायक्रोग्रॅमवाल्यांना जास्त फायदा दिसला. यावर कोणी म्हणेल एकाच टीमचं काम आहे, तर २०१९ मध्ये वायझर म्हणून इस्रायलचे डॉक्टर आहेत त्यांनी मोल्डोव्हात २०० बायकांवर तेच करून पाहिलं, तिथेही फायदा दिसला पण मुख्यतः ३८ च्या वरच्या बायकांना, तरुण मुलींना फारसा नाही. ताई ४६ च्या आहेत म्हणजे ज्या गटाला फायदा दिसला त्यातल्याच, हे खरं. फिनलंडमध्ये तर ३,४८८ बायकांच्या सरकारी नोंदी काढून बघितलं की पाळी जायच्या वयातली हार्मोन थेरपी चालू असताना आजार उलटण्याचं प्रमाण सुमारे १६ टक्के कमी होतं, पण छप्पन्नच्या पुढे सुरू असलेल्यांत तो फायदा दिसला नाही.

हे वाचून हुरळून जाऊ नकोस म्हणून पुढचंही सांगते. पॅचचे हे अभ्यास चार आठवडे, आठ आठवडे असे आहेत. दोन-पाच वर्षं २०० मायक्रोग्रॅम लावून काय होतं हे चार-आठ आठवड्यांत कळत नाही, आणि ताईंचा आजार काही आठ आठवड्यांचा नाही.

दुसरं एक नाव तुला मोबाईलवर दिसलं असेल, रॅलोक्सिफेन. ही हाडांची गोळी, पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ होतात त्यासाठीची, ६० मिलिग्रॅमची. ही काही ठिकाणी इस्ट्रोजेनसारखी वागते आणि काही ठिकाणी त्याच्या उलट, म्हणजे गर्भाशयाचं अस्तर वाढवत नाही, स्तनालाही चिथावत नाही, म्हणून डॉक्टरांना ती आवडली. कुलकर्णींच्याच टीमने २०१६ ला ५६ बायकांना १२ आठवडे १२० मिलिग्रॅम देऊन पाहिली आणि फायदा दिसला. पण गंमत बघ, त्याच वायझर साहेबांनी रोमानियात २०० खूप आजारी, पाळी गेलेल्या बायकांना तीच १२० मिलिग्रॅम दिली तर बिनऔषधाच्या गोळीवाल्या बायका जास्त सुधारल्या! २०१७ ला छापलंय ते. म्हणजे एका ठिकाणी चाललं म्हणून सगळीकडे चालेल असं नाही. शिवाय रॅलोक्सिफेनने अंगातून वाफा येणं वाढतं, रक्ताच्या गुठळीचा धोका वाढतो, आणि ताईंचा आत्ताच ब्लाउज भिजतोय, त्यांची पाळीही अजून पूर्ण गेलेली नाही. तेव्हा आत्ता तरी मी त्या गोळीच्या मागे लागले नसते.

इस्ट्रोजेनचा पॅच म्हणजे बाम नाही गं, कंबर दुखली लावला असा. ज्या बाईची पिशवी जागेवर आहे तिला नुसतं इस्ट्रोजेन देत राहिलं तर पिशवीचं अस्तर जाड होत जातं आणि पुढे त्यात कॅन्सर होऊ शकतो, म्हणून सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन द्यावंच लागतं, आणि ते कुठलं, किती दिवस, हे गायनॅकच ठरवतात. घरात आईला-मावशीला स्तनाचा कॅन्सर होता का, ताईंच्या पायात कधी गुठळी झाली का, लकवा, लिव्हरचं काही, कारण न कळता अंगावरून जाणं, यातलं एक जरी असलं तर गाडी तिथेच थांबते. बीपी, शुगर, सोनोग्राफी, मॅमोग्राफी हे आधी. गुठळीच्या दृष्टीने तोंडातून घ्यायच्या गोळीपेक्षा कातडीवरून जाणारं इस्ट्राडिओल बरं समजतात, म्हणून पॅच किंवा जेल. तुझा मेडिकलवाला यातलं काय तपासणार आहे? तो पट्टी कापून देईल आणि बिल करेल.

आणि अजून एक गोष्ट आहे जी हार्मोन देण्याच्याही आधी बघायची असते, तिचं नाव प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगात दूध आणणारं हार्मोन. इथे मला माझ्या घरातलं सांगावं लागेल.

माझी धाकटी बहीण. आजार हाच, गोळी हीच, रिस्पेरिडोन. तेहतीस वर्षांची होती तेव्हा तिची पाळी सात महिने आली नाही आणि ब्लाउजवर दुधाचे डाग पडायला लागले. लग्न न झालेली मुलगी, आईची तर झोपच उडाली, कोणाला न सांगता तिला एका गायनॅककडे घेऊन गेली. मी सोबत होते. बाई चांगल्या होत्या, नीट विचारत होत्या. चालू औषधं कुठली? आई म्हणाली, काही नाही हो, ॲसिडिटीची एक. मी आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे पाहिलं, आणि मीही गप्प बसले. मुलीचं लग्न व्हायचंय, कशाला सगळीकडे सांगायचं, एवढाच विचार. रक्त तपासलं, प्रोलॅक्टिन खूप वाढलेलं. त्या बाईंनी त्यांच्या हिशोबाने बरोबर तेच केलं, प्रोलॅक्टिन उतरवायची कॅबरगोलिनची गोळी दिली, आठवड्यातून दोनदा अर्धी. दूध थांबलं, आम्ही पेढे वाटायच्या बेतात. तिसऱ्या आठवड्यात बहिणीने घरातल्या सगळ्या प्लगांवर चिकटपट्टी लावली, कारण त्यातून तिचं बोलणं बाहेर जातंय. चौथ्या आठवड्यात ॲडमिट.

सायकॅट्रिस्ट म्हणाले घरात ज्या ज्या गोळ्या आहेत त्या सगळ्या आणा. आईने तूरडाळीच्या डब्यातून ती पट्टी काढली, लपवून ठेवली होती. त्यांनी पट्टी उलटी-सुलटी करून पाहिली आणि फक्त एवढंच विचारलं, ही कोणी दिली? झालं असं की रिस्पेरिडोन मेंदूत डोपामिन अडवते, त्याने आवाज थांबतात पण त्यानेच प्रोलॅक्टिन वाढतं, आणि कॅबरगोलिन बरोबर त्याच्या उलटं, डोपामिनला ढकलते, प्रोलॅक्टिन उतरतं आणि आजार डोकं वर काढू शकतो. एक गोळी दार लावत होती, दुसरी उघडत होती. आणि त्या ॲसिडिटीच्या गोळीत डॉमपेरिडोन होतं, तेही प्रोलॅक्टिन वाढवतं! पोटाच्या गोळ्यांत लेव्होसल्पिराइड असतं तेही वाढवतं, आपल्याकडे गॅस झाला की या गोळ्या शेंगदाण्यासारख्या खातात. गायनॅक बाईंची यात काही चूक नव्हती. त्यांना आम्ही अर्धीच मुलगी दाखवली होती.

पुढे तिची गोळी हळूहळू बदलून, थोडं ॲरिपिप्राझोल घालून प्रोलॅक्टिन उतरवलं, ती गोळी प्रोलॅक्टिन वाढवत नाही उलट उतरवते, पोटाची गोळी बंद केली, आणि तीन महिन्यांनी पाळी आपली आपण आली.

हे तुला का सांगतेय, कारण ताईसुद्धा रिस्पेरिडोनवरच आहेत. प्रोलॅक्टिन वाढलेलं राहिलं की अंडाशय सुस्त पडतं आणि अंगातलं इस्ट्रोजेन कमी होतं, म्हणजे बाहेरून इस्ट्रोजेन द्यायचा विचार करतोय पण आतलं आपणच दाबून ठेवलंय असं तर नाही ना, हे आधी बघायला नको? वर्षानुवर्षं असं राहिलं तर हाडंही ठिसूळ होतात. ४६ व्या वर्षी पाळी लांबली तर सगळे रजोनिवृत्ती म्हणून मोकळे होतात, असेलही, पण प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि एफएसएच (पाळी जायला आली का याचा अंदाज देणारं हार्मोन) या तीन तपासण्या एकाच रक्तात होतात. प्रोलॅक्टिनचं रक्त झोपेतून उठल्या उठल्या देऊ नये, उठून एक-दोन तास झाले की, आणि जरा शांत बसवून मग, कारण धावपळीने आणि भीतीनेही ते वाढतं. पाळी चुकलीय म्हणून युरिन प्रेग्नन्सी टेस्टही करून घ्या, हसू नकोस, या वयातही होतं.

आता कामाचं. आज रात्री भिंतीवरचं कॅलेंडर काढ, जिथे तू दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख लिहितेस तेच, आणि गेल्या सहा महिन्यांतल्या ताईंच्या पाळीच्या तारखांना लाल गोल कर. मग आठव, मिक्सर कुठल्या दिवसांत चालू होता, झोप कधी गेली, जेवण कधी सोडलं, ते निळ्या पेनने. घामाच्या रात्री फुलीने. नेमकं नाही आठवलं तरी चालेल, पण इथून पुढे रोज दोन शब्द लिही, दोन-तीन महिने. अर्धा तास बोलून जे डॉक्टरला पटत नाही ते या एका कागदाने पटतं. त्यातून असंही निघू शकतं की त्रास पाळीशी बांधलेला नाही, झोपेशी बांधलेला आहे, घाम येतो म्हणून झोप जाते आणि झोप गेली म्हणून आवाज येतात, मग इलाज वेगळा. आणि घरातल्या सगळ्या पट्ट्यांचे, ताईंच्याच नाही, सासूबाईंच्या डब्यातल्या ज्या ताईंना मधूनमधून दिल्या जातात त्याही, शतावरी, अश्वगंधा, चूर्ण, सगळ्याचे फोटो काढ. आयुर्वेदिक म्हणजे सांगायचं नसतं असं काही नाही, अश्वगंधाने थायरॉइडचे आकडे हलू शकतात.

मग हे घेऊन सायकॅट्रिस्टकडे, ताईंना घेऊन. हे मात्र मी जोर देऊन सांगते. दीर एकटे जाऊन गोळ्या आणतात हे १९ वर्षं चाललं असेल पण आता चालणार नाही. डॉक्टरांना विचार की पाळीच्या आधी त्रास वाढतो हे तुम्हाला तारखांवरून दिसतंय का, गोळीचा डोस किंवा गोळी बदलायची गरज आहे का, प्रोलॅक्टिन बघायचं का, आणि हे सगळं नीट केल्यावरही त्रास राहिला तर पाळी जायच्या वयातली हार्मोन थेरपी ताईंना चालेल का. आणि शेवटी, तुम्ही गायनॅकच्या नावाने दोन ओळी लिहून द्याल का? त्या दोन ओळी सोन्याच्या आहेत. गायनॅककडून उलट दोन ओळी आणायच्या. ताईंना अंगातून वाफा, घाम, झोप नाही हे सगळं आहेच म्हणजे नुसत्या त्या त्रासासाठीही हार्मोनचा विचार होऊ शकतो, मनाच्या आजाराला फायदा झाला तर तो वरचा. मला विचारशील तर ताईंच्या बाबतीत हाच सगळ्यात सरळ रस्ता वाटतो, पण दोन्ही डॉक्टरांनी एकच कागद बघून ठरवलेला. गोळी पुढे कधी बदलून ओलान्झापिन किंवा क्लोझापिन दिली आणि कोणी गर्भनिरोधक हार्मोनच्या गोळ्याही दिल्या तर तेही दोघांना माहीत हवं, त्या हार्मोनने या गोळ्या अंगात जास्त साचू शकतात, क्लोझापिन तर फारच.

खाजगीत दोन-दोन ठिकाणी जाणं परवडत नसेल तर नाशिकला त्र्यंबक रोडवर सिव्हिल आहे, तिथे मानसोपचाराची ओपीडी आणि स्त्रीरोग एकाच आवारात, रांग आहे, कंटाळा येतो, पण फाईल एक राहते. आणि रात्री-अपरात्री काही विचारायचं झालं तर टेलि-मानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

दीर ऐकत नाहीत तर? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात एक सोय आहे, आजारी माणूस स्वतः साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी ठरवू शकतो, उपचाराबाबत त्याने सोबत राहायचं, माहिती घ्यायची. ताईंनी तुझं नाव लिहिलं तर तुला कोणी बाहेर बसवू शकत नाही. पण हे शस्त्र म्हणून काढू नकोस, आधी दिरांना म्हण की तुम्ही दमलात, मी येते सोबत. एकोणीस वर्षं गोळ्या आणणारा माणूस वाईट नसतो गं, नुसता थकलेला असतो.

आणि हो, तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात एक गोष्ट मला कुठेच सापडली नाही, ताईंना काय वाटतं. विचारलंस का त्यांना? चांगल्या दिवसांत विचार, पाळी येऊन गेल्यावर, दोघी भाजी निवडत असताना. त्यांना स्वतःला कळत असेल की कुठले दिवस वाईट जाणार. माझ्या बहिणीला आमच्या दोन दिवस आधी कळतं.

वाईट दिवसांत आवाज काहीतरी कर म्हणून हुकूम देत असतील, त्या मरणाचं बोलल्या, पाणी-जेवण पूर्ण सोडलं, दोन रात्री सलग डोळ्याला डोळा नाही, तर कॅलेंडर-बिलेंडर बाजूला ठेवून त्याच दिवशी न्यायचं. गायनॅकचं नंतर.

उद्या कोणी ना कोणी हेही म्हणेल की पाळीनेच होतंय ना मग पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. अजिबात नाही. पिशवीसोबत अंडाशय काढलं तर इस्ट्रोजेन एका दिवसात जातं, हळूहळू सरकणारा दगड तुम्ही लाथ मारून काढल्यासारखं. त्या कारणासाठी हे ऑपरेशन करून घ्यायचं नाही.

राहिल्या पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणि नागबळी. त्या गोळ्या म्हणजे पण हार्मोनच, नॉरइथिस्टेरॉन, हळदीकुंकवाला आणि नवरात्रात घराघरात अशा खातात की जणू काही पेपरमिंट. ताईंना द्यायच्या नाहीत. आधी कधी दिल्या असतील, देवीला जाताना वगैरे, तर त्या तारखाही कॅलेंडरवर लिही, बंद केल्यावर पुढच्या आठवड्यात ताई कशा होत्या तेही. त्या पट्टीचाही फोटो.

सासूबाईंशी नागबळीवरून भांडू नकोस. तीन दिवसांचं असतं ते, त्यांना करायचंय तर करू देत, त्यांनीही १९ वर्षं काढलीत आणि त्यांच्या हातात दुसरं काही नाही. फक्त ताईंना तीन दिवस जागरण नको, उपास नको, रात्रीची गोळी वेळेवर, ती तुझ्या पर्समध्ये ठेव, सामानाच्या पिशवीत नको. आणि त्र्यंबकच्या गुरुजींना फोन करून मुहूर्त विचारण्याआधी सासूबाईंना ते कॅलेंडर दाखव, लाल गोलांच्या आधीचे आठ दिवस सोडून कुठली तारीख निघते ते त्यांनाच शोधू दे, पाळी लांबत चाललीय म्हणून नेमकं जमणार नाही, पण तारखा बघण्यात त्या तुझ्यापेक्षा हुशार असणार.